पाहुण्यांसमोरची चौकशी

माझ्या खात्याचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं तरी फरक पडणार नाही, कारण झाशीतल्या बहुतेक सरकारी खात्यांत माझ्यासारखं एक टेबल असतंच. नोकरीत असताना एखादा कर्मचारी वारला की त्याच्या घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळू शकते. मिळू शकते; मिळतेच असं नाही. जागा कमी आणि वारणारे जास्त. त्यामुळे कुणाची गरज मोठी हे ठरवावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी त्या घरी जाऊन डोळ्यांनी बघून यावं लागतं. आमच्या ऑफिसात तो कुणीतरी म्हणजे मी.

माझ्याकडे आठ पानी फॉर्म असतो. छप्पर कसलं, चूल की गॅस, पंखे किती, कूलर, फ्रिज, सोफा, दुचाकी, गाय, म्हैस. घरात वस्तू जितक्या कमी तितके गुण जास्त. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून माझी चाहूल लागली की टीव्ही शेजारी जातो आणि मोटरसायकल मामाची होते. मलाही हे माहीत असतं. जमिनीवर फ्रिजच्या चार पायांचे ठसे दिसले की मी फ्रिज लिहितो. माझा नियम एकच, जे दिसेल तेच लिहायचं. प्रत्येक वस्तू मोठ्यानं वाचायची, ती तुमची आहे का विचारायचं, उत्तर लिहायचं आणि शेवटी घरच्या माणसाची सही घ्यायची. सही झाली की ब्रह्मदेव आला तरी अहवाल बदलत नाही. माझ्या अहवालावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, याचा मला गर्व आहे. आमचे पूर्वज कुणाच्या तरी दप्तरात कारकून म्हणून झाशीत आले. पुढे दप्तर गेलं, आम्ही राहिलो. अचूक लिहिण्यापलीकडे आमच्या घराण्यानं फार काही केल्याचं ऐकिवात नाही.

मे महिन्यात साहेबांनी बोलावलं. इथल्या एका कॉलेजात परदेशी विद्यार्थी आले होते आणि त्यांतले दोघं चार दिवस जॉब शॅडोइंगसाठी आमच्या ऑफिसात येणार होते. म्हणजे काय, हे साहेबांनी समजावून सांगितलं. "आप जहाँ जाएँगे, ये पीछे-पीछे जाएँगे। बोलेंगे कुछ नहीं, बस देखेंगे।"

मी म्हटलं, "सर, बघण्याचं काम तर माझं आहे." अर्थात हे हिंदीत म्हटलं. ऑफिसात माझं मराठी फक्त डब्यापुरतं असतं.

"तो आप देखेंगे, और ये आपको देखेंगे," साहेब म्हणाले.

टेबलावर आधीच तीन महिन्यांच्या फायली तुंबलेल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. पाहुण्यांना बाटलीतलंच पाणी द्यावं, उन्हात उभं करू नये, आणि त्यांना जिथे न्यायचं असेल तिथे आगाऊ कळवून बसण्याची सोय करून घ्यावी. आगाऊ कळवून चौकशी होत नसते, अशी टीप मी फायलीवर लिहिली. फाइल परत आली तेव्हा टिपेखाली साहेबांनी "देखा" असं लिहून सही केली होती.

विद्यार्थ्यांपैकी मुलगी फिनलंडची होती. उंच, केस घट्ट बांधलेले, हातात छोटी वही. प्रत्येक गोष्ट ती वेळेसकट लिहायची. मुलगा केनियाचा. तो लिहायचा कमी आणि बघायचा जास्त. पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलीनं मला वही दाखवली, बरोबर लिहिलंय का ते तपासायला. "१०.१० फाइल उघडली. १०.१२ फाइल बंद केली. ११.०० चहा. ११.२० दुसऱ्या फाइलची वाट. १२.०५ फाइल आली, पण ती नव्हे." मला राग आला. एकही नोंद चूक नव्हती, म्हणून जास्तच आला.

त्याच संध्याकाळी दोघांना घरी जेवायला बोलावलं होतं. मी त्यांना घेऊन पोचलो तर बैठकीत नवाकोरा कूलर घरघरत होता. आमचा कूलर दोन उन्हाळ्यांपूर्वीच आटोपला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला विचारलं, "हा कुठून आला?"

"वरच्या वहिनींचा आहे," ती पोळी उलटत म्हणाली. "चिनी मातीच्या प्लेटाही त्यांच्याच. पाहुणे जाईपर्यंत तुम्ही प्रश्न विचारू नका."

मी विचारले नाहीत. आमची मुलगी एरवी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देते, त्या दिवशी तिनं इंग्रजीत दिलं. पाहुणे जेवले. फिनलंडच्या मुलीनं कूलरजवळ बसून कटाची आमटी दोनदा मागून घेतली. सगळं छान झालं, आणि त्या कूलरचा मी नंतर विचारही केला नाही.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, जिल्ह्यातल्या एरच गावात एक चौकशी होती. आमचा एक चौकीदार हिवाळ्यात वारला होता. मागे बायको आणि एक मुलगी. मुलगी बी.ए. झालेली, अर्ज तिचाच होता. जागा एक आणि अर्ज तीन. पुढच्या सोमवारी समिती बसणार होती, आणि त्या आधी माझा अहवाल जायला हवा होता. ही जागा हुकली तर पुढची कधी निघेल ते सांगता येत नव्हतं, आणि अर्जाला वयाची अट होती. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. म्हणजे त्या दोघींचं पुढचं आयुष्य माझ्या आठ पानांवर होतं असं म्हटलं तर ते खरंच होतं. मी तसं कधी म्हणत नाही, कारण म्हटलं की अक्षर बिघडतं.

फायलीत दिलेला त्यांचा नंबर बंद होता. शेजारच्या किराणावाल्याचा लागला. आदेशाप्रमाणे मी त्याला सांगितलं, गुरुवारी येतोय, सोबत दोन विदेशी मेहमान आहेत, दोन खुर्च्यांची सोय करून ठेवा. मी दोन खुर्च्याच म्हटलं होतं.

जीप गल्लीत वळली. गल्ली झाडून पाणी शिंपडलेलं, कडेनं चुन्याच्या रेघा, गच्च्यांवर बायका. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. खोलीत मरून रंगाच्या मखमलीचा सोफा होता, त्यावर प्लास्टिक तसंच. तो इतका मोठा होता की दार अर्धंच उघडत होतं आणि आम्हाला एकेक करून आडवं आत शिरावं लागलं. कोपऱ्यात दोन दारांचा फ्रिज. त्याच्या हँडलला कुणाच्या तरी लग्नातली लाल रिबन अजून बांधलेली. फ्रिजवर मिक्सर, खोक्यासकट. खिडकीत कूलर चालू होता. खोलीत प्लग एकच, तो कूलरला लावलेला, त्यामुळे फ्रिजची वायर गुंडाळून फ्रिजच्याच डोक्यावर ठेवली होती. खाली गालिचा. भिंतीला टेकवून सहा खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही.

मृताची बायको हात जोडून उभी होती. पन्नाशीची, फिकट साडी, डोक्यावर पदर. "आओ, विराजो," ती म्हणाली. मुलीनं ताटं आणली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदीचं रायतं, खीर. दारात आणि पडवीत चाळीसेक माणसं उभी राहून दोन परदेशी माणसं पुरी कशी तोडतात ते पाहत होती.

केनियाचा मुलगा ताटाची कड न्याहाळत होता. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात. त्यानं विचारलं, हे काय लिहिलंय. मी सांगितलं, मालकाचं नाव. त्यानं आपलं ताट पाहिलं, शेजारी बसलेल्या फिनलंडच्या मुलीचं पाहिलं, मग वाकून माझं पाहिलं. तिन्हींवरची अक्षरं वेगळी आहेत हे कळायला देवनागरी यावी लागत नाही.

"तीन मालक?" त्यानं हळूच इंग्रजीत विचारलं.

"मोठं कुटुंब आहे," मी म्हटलं.

तो थोडा वेळ खीर खात राहिला. मग म्हणाला, "माझ्या आजीकडे पाहुणे आले की खुर्च्या शेजारून येतात."

तिथेच मी फॉर्म बॅगेत ठेवून उठायला हवं होतं. पण ठरलेली चौकशी मी कधी टाळलेली नव्हती, आणि फिनलंडच्या मुलीनं वहीत "१२.३०" लिहून पेन माझ्याकडे रोखलं होतं. मी फॉर्म उघडला. छप्पर, चूल, पंखा इथपर्यंत ठीक चाललं.

"कूलर?"

बाईंनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. कूलरचा मालक, तोच किराणावाला, दारात सगळ्यांत पुढे उभा होता. त्यानं मान खाली घातली. मला वाटतं त्या क्षणी त्याच्या, माझ्या आणि पडवीतल्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. दोन दिवस घरोघरी धावपळ करून या लोकांनी एका विधवेचं घर सजवलं होतं. परदेशी पाहुणे येणार, बाईची मान खाली जाता कामा नये, एरचची जाता कामा नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. फॉर्म कुणाच्या डोक्यातच नव्हता. एरवी याच लोकांनी माझी चाहूल लागताच घर रिकामं करून दिलं असतं.

"है," बाई म्हणाल्या.

"आपका है?" हा प्रश्न मला विचारावाच लागतो.

"हओ साब, हमाओ आय।" हो, आमचाच आहे.

फ्रिज. हमाओ आय. सोफा. हमाओ आय. मिक्सर. तेही. दर वेळी उत्तर यायला जरा जास्त वेळ लागत होता, पण आवाज तेवढाच ठाम होता. गुणांची बेरीज मी कागदावर करत नाही, ती डोक्यात होत असते. सोफ्यानंतर ती मुलगी तीन अर्जांत शेवटची झाली होती. पाण्याचा जग धरून ती फ्रिजला टेकून उभी होती. चौकीदाराची मुलगी, खात्याचे नियम तिला पाठ असणार. ती आईकडे बघत होती, आणि आई मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हती.

पाहुण्यांसमोर "हे मागून आणलंय" असं कोण म्हणतं? मला वरच्या वहिनींचा कूलर आठवला. मंगळवारी माझ्या बैठकीत कुणी फॉर्म घेऊन आलं असतं आणि या दोघांसमोर विचारलं असतं, तर मीही "आमचाच" म्हटलं असतं. तेही अचूक अक्षरात लिहून दिलं असतं.

बाईंनी सही केली. अक्षर अक्षर जोडून, सावकाश. आम्ही निघालो. त्यांची मुलगी जीपपर्यंत आली. पाहुणे आत बसले तेव्हा ती माझ्या बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाली, "अंकल जी, हमारा नंबर कट गया न?"

मी हातातला फॉर्म उलटा केला.

"अम्मा को मत बताइएगा कि उनकी वजह से कटा," ती म्हणाली, आणि पाहुण्यांना हात हलवून परत गेली.

एरच मागे पडेपर्यंत मी फॉर्म मांडीवर धरून बसलो होतो. मला लाज वाटत होती. चूक त्या बाईंची नव्हती, किराणावाल्याची नव्हती. फोन मी केला होता. मग मी मागे वळून आमच्या सरकारी इंग्रजीत त्या दोघांना सांगितलं की कृपया नोंद घ्यावी, आज घर बंद आढळलं.

"पण आपण तिथे जेवलो," फिनलंडची मुलगी म्हणाली.

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. ज्या देशात मिनिट मिनिट लिहून ठेवतात तिथल्या माणसाला हे कसं समजवायचं, ते मला माहीत नव्हतं. मुलानं तिच्याशी बोलायला सुरुवात केली. चिरगाँव येईपर्यंत तो हळू आवाजात बोलत होता, मध्ये एकदा त्यानं ताटाच्या कडेवर बोट फिरवल्यासारखं केलं. चिरगाँवला चहासाठी थांबलो. आमच्या फॉर्मवर अनुक्रमांक नसतो. ही ढिलाई मी पूर्वी दोनदा लेखी निदर्शनास आणली होती, आणि कुणी लक्ष दिलं नाही याबद्दल त्या दिवशी मनातल्या मनात आभार मानले. चहावाल्याच्या भट्टीत मी आठही पानं घातली, बाईंच्या सहीचं पान सगळ्यांत शेवटी. मुलीनं ते पाहिलं, वही काढली आणि खूप वेळ लिहीत बसली. मग वही माझ्यापुढे धरली. "१२.३० घर बंद. १२.३० ते १२.३५ दारात वाट पाहिली." पाच मिनिटं वाट पाहिल्याशिवाय कुणी परत फिरणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं. तपशिलाच्या बाबतीत ती माझ्याहून पुढे होती.

शुक्रवारी साहेबांसमोर दोघांनी आपले फोटो दाखवले. ऑफिस होतं, मानिक चौकातला बाजार होता, आमच्या घरची आमटी होती. एरच नव्हतं. साहेबांनी विचारलं, "एरच कैसा लगा?" केनियाच्या मुलानं चार दिवसांत शिकलेलं सगळं हिंदी एकवटून उत्तर दिलं, "बंद था, सर।" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. घर बंद आढळल्यास एकदा पुन्हा जाता येतं. साहेबांनी परवानगी देऊन टाकली.

शनिवारी मी एकटा गेलो, न कळवता. खोली आता मोठी दिसत होती. एक खाट, एक पेटी, कोनाड्यात स्टोव्ह, भिंतीला लटकवलेलं नवऱ्याचं खाकी जाकीट. दार पूर्ण उघडत होतं. बाईंनी मला लोट्यातून पाणी दिलं. मी म्हटलं, "उस दिन घर बंद था।" त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हओ।"

"कूलर?"

"नइयाँ।"

"फ्रिज?"

"नइयाँ।"

नाही म्हणतानाही आवाज गुरुवारी "हमाओ आय" म्हणताना होता तोच. कसलीही लाज नाही, तक्रार नाही. मुलगी खाटेच्या कडेला बसून ऐकत होती. माझं पेन भराभर चाललं होतं आणि डोक्यातली बेरीज वर चढत होती. असं समाधान मला फॉर्म भरताना क्वचितच मिळालं असेल.

शेवटच्या पानावर एक रकाना आहे. कुटुंबाला नातेवाईक, शेजारी किंवा अन्य कुणाचा आधार आहे काय? आहे की नाही, त्यातलं एक खोडायचं. आधार असला की गुण कापले जातात, आणि थोडेथोडके नाही. वर्षानुवर्षं मी या रकान्यात "आहे" वर रेघ मारत आलो. विचारही न करता.

उघड्या दारातून समोरचं किराणा दुकान दिसत होतं. दुकानाच्या खिडकीत कूलर परत बसला होता. पलीकडच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडता निवडता इकडे बघत होती, आणि तिच्यामागे, तिच्या घराच्या दारातून, मरून मखमलीची एक कड दिसत होती.

"काए साब, रुक काए गए?" बाईंनी विचारलं.

मोठ्यानं वाचायचा नियम माझाच. मी वाचलं, "किसी का सहारा है? पड़ोसियों का, किसी का भी?"

त्यांनी बाहेर पाहिलं. गुरुवारी सोफ्यापाशी लागला होता त्याहून जास्त वेळ लागला. मग म्हणाल्या, "जा बात हमसें न कहलवाओ, साब। तुमईं लिख लो।"

त्यांच्याकडून वदवून न घेता मीच लिहिलं. एक बारीक, सरळ रेघ, माझ्या नेहमीच्या अचूक हातानं.

मुलीला नोकरी लागली. आवक-जावक विभागात बसते, अक्षर चांगलं आहे. घर बंद होतं हे जे खोटं मी लिहिलं ते मला आजपर्यंत कधी टोचलेलं नाही. ती रेघ टोचते. आमच्या रेकॉर्डरूममध्ये एका फायलीत कायमचं नोंदलेलं आहे, की एरचच्या त्या बाईला त्या गल्लीत कुणाचाही आधार नाही. त्याखाली सही तिची आहे. त्या शनिवारी मी फॉर्म तिच्यापुढे सरकवला तेव्हा ती लगेच पेन घ्यायला आली नाही. आधी उठली, दाराशी गेली, समोरच्या ओट्यावरच्या बाईकडे बघून हसली, आणि दार लोटून घेतलं. मग तिनं सही केली.